सलूनमधून गेलेलं तार ऑफिस

या शहरात उभी असलेली, पडलेली, पाडलेली, कुठलीही इमारत सांगा. ती कुठे होती ते मी तुम्हाला बोट ठेवून दाखवतो. बढाई म्हणा हवं तर. पण भूमापन ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून माझी अख्खी नोकरी नकाशांवर वाकून गेली आहे, आणि माझी पाठ आता सरळ होत नाही ती उगाच नाही. घरात चहाची गाळणी कुठे ठेवलेली असते हे मला अजून सांगता येत नाही, असं बायको चारचौघांत सांगते. खरं आहे ते. पण गाळणी हलते. इमारती हलत नाहीत. निदान त्या रविवारपर्यंत माझी तशी समजूत होती.

सुरुवात झाली जेवणाच्या टेबलावर. सासरे आमच्याकडे राहायला येऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. सासूबाई गेल्या, आणि मागे राहिलेले बाबा संध्याकाळ झाली की रिकाम्या खोल्याखोल्यांतून दिवे लावत फिरतात, हे बायकोने एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने त्यांची बॅग भरली आणि त्यांना घेऊनच आली. मी त्यांना बाबा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात. मोठे गप्पिष्ट. गोष्ट कुठूनही सुरू होवो, फिरून फिरून ती तार ऑफिसात पोचायची. सासूबाई तिथे तारा घेण्याच्या खिडकीवर कामाला होत्या आणि बाबांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. आमच्याकडे आलेल्या माणसाला आधी ही गोष्ट मिळायची, मग चहा.

त्या दिवशी जेवायला मावशी होती, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. बाबा रंगात येऊन सांगत होते, "आता चौकात बँक आहे ना, तिथेच आमचं तार ऑफिस."

मावशीचा घास हातातच थांबला. "बँक कुठली, भाऊजी? बँकेच्या समोर. चष्म्याचं दुकान आहे तिथे."

"बँक."

"चष्म्याचं दुकान. शाळेत जाताना रोज ताईचा डबा पोचवायचे मी. मला माहीत नसेल?"

"मीही काही कमी वेळा गेलो नाही."

"वय झालं भाऊजी आता. विसरला असाल."

मावशीच्या मनात वाईट काही नव्हतं. बोलून ती लोणच्याकडे वळलीसुद्धा. पण त्याच आठवड्यात बाबांचा चष्मा आम्हाला फ्रिजमध्ये सापडला होता, लोण्याच्या शेजारी. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, तेही हसले होते. आता मात्र ते हसले नाहीत. ताटातलं संपवून उठले आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ नळ सुरू ठेवून उभेच राहिले.

त्यानंतर तार ऑफिस बंद झालं. गॅस दुरुस्त करायला माणूस आला, त्याला गोष्ट नाही. विम्याचा एजंट आला, त्यालाही नाही. तो तर इतक्या लवकर मोकळा झाला की जिना उतरता उतरता दोनदा मागे वळून पाहत होता.

एका संध्याकाळी मी बाल्कनीत गेलो तर बाबा कठड्यावर बोटाने काहीतरी आखत होते. हा रस्ता, ही बँक, असं पुटपुटत. मला पाहून त्यांनी बोट उचललं.

"जावईबापू, एक विचारू?"

"विचारा ना."

"जागाच चुकली असेल, तर बाकीचंही चुकलं असेल का हो?"

मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय बाबा." हे काही उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं. दारामागे बायको उभी होती. तिनेही ऐकलं होतं. स्वयंपाकघरात मला गाठून ती म्हणाली, "अहो, तुमचे ते नकाशे कधी उपयोगी पडणार?"

"रविवारी," मी छाती काढून म्हणालो. "रविवारी बाबांना नेमक्या जागेवर नेऊन उभं करतो. खडूने आखून देतो."

"आणि मावशीचं बरोबर निघालं तर?"

"निघणार नाही."

"कशावरून?"

"मी मोजणार आहे म्हणून."

उतू जाण्याच्या बेतात असलेल्या दुधाकडे ती जशी बघते, तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

ऑफिसात चौकाचा जुना नकाशा सापडायला त्रास पडला नाही. शिंका तेवढ्या भरपूर आल्या. तार ऑफिस त्यात छान ठसठशीत होतं: चौकातलं गोल कारंजं, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर तो लांबट चौकोन. कारंजं आजही चौकात आहे. म्हणजे काम सोपं. कारंज्याला टेप लावायची, नकाशातलं अंतर मोजायचं, झालं. मी ट्रेसिंग काढलं, हल्लीच्या नकाशावर ठेवलं आणि पाहिलं.

तार ऑफिस बँकेतही पडेना आणि चष्म्याच्या दुकानातही पडेना. ते पडत होतं पार पलीकडच्या सलूनमध्ये.

पुन्हा मोजलं. सलूनच. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, म्हणजे निदान मावशी तरी जिंकत नाही. बाबांना त्या जागेवर उभं केलं की त्यांना आपोआप आठवेल. घरी मी कोणालाच काही बोललो नाही, हा माझा पहिला शहाणपणा. दुसरा शहाणपणा असा, की रविवारी निघताना मी ऑफिसचं नारिंगी जाकीट घातलं. त्याला खडू ठेवायला खिसे आहेत. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'भूमापन विभाग' असंही आहे. पण आपली पाठ आपल्याला कुठे दिसते?

चौकात सकाळची निवांत वर्दळ होती. बायकोला मी कारंज्याजवळ टेपचं टोक धरून उभं केलं. बाबांना सलूनबाहेरच्या बाकावर बसवलं. ते बँकेकडे बघत राहिले. मी टेप सोडत उलटा उलटा चालत सलूनच्या दारात शिरलो. आत खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ गालांवर फेस घेऊन डोळे मिटून पडले होते आणि सलूनवाला वस्तरा चालवत होता. एक गाल झाला होता, एक व्हायचा होता.

"काय मोजताय, साहेब?" सलूनवाल्याने विचारलं.

माझी एक खोड आहे. डोक्यात आकडा असला की मला समोरच्याचा सूर कळत नाही, नुसते शब्द कळतात. मी उंबऱ्यावर खडूने रेघ ओढली आणि म्हणालो, "हे इथून सुरू होतं."

"काय सुरू होतं?"

"आणि सरळ आत जातं. आरसे, खुर्च्या, सगळं त्यात येतं."

वस्तरा गालापासून वर उचलला गेला. "कशात येतं?"

"मागे काय आहे?"

"खोली आहे. आई राहते माझी."

"तीही गेली त्यात," मी ट्रेसिंग बघत म्हणालो. "आई जरा बाहेर येतील का? भिंतीपर्यंत माप घ्यायचंय."

एवढं बोलून मी रेघ पक्की करायला वाकलो, आणि माझी पाठ त्या दोघांकडे झाली. खुर्चीतले गृहस्थ ती मोठ्याने वाचत उठून बसले. "भूमापन विभाग. अहो, हे रुंदीकरण आहे."

आणि ते गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट, एका गालावर फेस घेऊन रस्त्यावर धावले.

बातमी अशी पळते हे मी ऐकून होतो, डोळ्यांनी प्रथमच पाहिली. फुलवाल्याकडे पोचली तेव्हा फक्त सलून जाणार होतं. चपलांच्या दुकानापर्यंत गेली तेव्हा अख्खी रांग जाणार होती. चष्मेवाला दुकानाला कुलूप लावून आला तोवर पाडायचं मशीन निघालंसुद्धा होतं आणि दुपारपर्यंत पोचणार होतं. मी उठून उभा राहिलो तर माझ्याभोवती सगळा बाजार.

सलूनवाल्याची आई आतून एक स्टूल घेऊन आली. बारीक चणीची, पिकल्या केसांची बाई. तिने स्टूल माझ्या खडूच्या रेघेवर ठेवलं आणि त्यावर बसली.

"माझ्या नवऱ्याने टाकलंय हे दुकान," ती म्हणाली. "काय मोजायचं ते मला धरून मोज."

"आजी, तुमचा गैरसमज होतोय."

"आजी कोणाला म्हणतोस? स्वतःचे केस बघ आरशात."

"अहो, मी रुंदीकरणासाठी आलेलो नाही. मी तार ऑफिस शोधतोय."

"म्हणजे इथे तार ऑफिस येणार?" चष्मेवाल्याने विचारलं.

"येणार नाही. होतं."

"होतं तर आता जागा कशाला हवी?"

फेसवाल्या गृहस्थांनी लगेच उलगडा केला. "सरकार जुना हक्क सांगतंय."

तेवढ्यात लांबून, कारंज्याजवळून, बायकोचा आवाज आला. "अहो, माझा हात दुखायला लागला. सोडू का?"

"अजिबात सोडायचं नाही," मी ओरडून सांगितलं.

"ऐकलंत?" फेसवाले गर्दीकडे वळून म्हणाले. "सोडायचं नाही म्हणतोय."

गर्दी एक पाऊल पुढे आली. कोणीतरी माझ्या हातातली टेप खेचली, दुसऱ्याने त्याच्या हातातून खेचली, आणि पलीकडे कारंज्याजवळ माझी बायको टेपच्या टोकाबरोबर चार पावलं धावली. सलूनवाला मात्र ओरडत नव्हता. तो वस्तरा मिटून हळू आवाजात मला म्हणाला, "साहेब, आईला या वयात मी कुठे नेऊ?" तेव्हा माझ्या डोक्यातला आकडा पहिल्यांदा खाली पडला, आणि मी काय बोलून बसलो होतो ते मला ऐकू आलं. हातातला खडू मी कोणाला दिसू नये म्हणून खिशात टाकत होतो आणि तो खिशाच्या बाहेर पडत होता.

बाबा बाकावरून उठले. गर्दीतून वाट काढत आले आणि माझ्या आणि त्या स्टुलाच्या मध्ये उभे राहिले. ते मुद्दाम मोठ्याने बोलले नाहीत, म्हणून बाकीच्यांना गप्प व्हावं लागलं.

"यांची चूक नाही," ते म्हणाले. "हे माझ्यासाठी आले आहेत. मला माझ्या बायकोची खिडकी सापडत नाहीये."

फेसवाल्यांनी कापडाने कपाळ पुसलं.

"ती तार ऑफिसात होती," बाबा म्हणाले. "मी रोज समोरून जायचो. पण तिच्याशी बोलायचं तर काम पाहिजे. मग मी माझ्या मोठ्या भावाला तार करायला लागलो. 'सर्व ठीक आहे.' बस, एवढीच. दर आठवड्याला एक."

"आणि भावाला काय वाटलं?" फुलवाल्याने विचारलं.

"तेव्हा तार आली की घरात आधी रडायला लागायचे, मग ती उघडायचे. वहिनीने माझ्या नावाने पुष्कळ रडून घेतलं. शेवटी भाऊ स्वतःच आला, औषधं घेऊन. त्याला वाटलं, हा इतक्यांदा ठीक आहे म्हणतोय, म्हणजे काही खरं नाही."

गर्दीत हसू पसरलं. मी बाबांकडे बघत होतो. कितीतरी आठवड्यांनी त्यांचे हात बोलताना हलत होते.

"एक दिवस तिनेच विचारलं. कागदावरून मान वर न करता. म्हणाली, 'सगळं ठीक आहे तर दर आठवड्याला सांगायचं कशाला?' मी म्हटलं, 'ठीक नाहीये, म्हणूनच.' तिने तो कागद बाजूला ठेवला. ती तार गेलीच नाही. भावाने त्या आठवड्यात पुन्हा घाबरून फोन केला."

आता सगळेच हसले, स्टुलावरच्या आजीसुद्धा. हसता हसता तिने आजूबाजूला पाहिलं. "पण तार ऑफिस इथे कुठे होतं? इथे तर आमच्या आधी कोळशाची वखार होती."

बाबा माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुम्ही मोजलं कुठून?"

"कारंज्यापासून."

"या?"

"चौकात दुसरं कुठलं आहे?"

"पण हे इथे नव्हतं ना. रस्ता केला तेव्हा हलवलं. आधी त्या झाडापाशी होतं, वारा सुटला की पाणी झाडावर उडायचं. तिच्या जागेवरून दिसायचं ते. पुढे नव्या ऑफिसात गेली तर टेबलासमोर भिंत. किती दिवस कुरकुरत होती कारंज्यासाठी."

"बरोबर," आजी म्हणाली. "झाडापाशीच."

"बाबा," मी म्हणालो, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे?" ते अगदी सरळपणे म्हणाले. "तुमच्याकडे नकाशा होता."

यावर बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी इथे सांगत नाही.

टेप झाडाला लागली. या वेळी ती धरायला इतके हात होते की मला जागाच उरली नाही. सलूनवाल्याने झाडाशी टोक धरलं, फुलवाल्याने मधे झोळ पडू दिला नाही, आणि फेसवाले पुढे जाऊन वाटेतल्या सायकली हटवू लागले. टेप फुटपाथ ओलांडून रस्त्यावर उतरली आणि थांबली ती बँक आणि चष्म्याचं दुकान यांच्या बरोबर मधे, वाहत्या रस्त्यात. तार ऑफिस पाडून त्याच्या पोटातूनच रस्ता गेला होता.

बायकोने तिथूनच मावशीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "मावशी, तू डबा घेऊन कुठल्या दाराने जायचीस गं?"

"मागच्या. पुढून आम्हाला कोण सोडणार? मागचं दार, चष्म्याच्या दुकानाच्या बाजूचं. का?"

"आणि पुढचं दार?"

"पुढचं तिकडे," मावशी म्हणाली. "बँकेकडे." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "भाऊजी आहेत का तिथे? त्यांना दे."

बाबांनी फोन घेतला आणि कानाला उलटा लावला. मावशी काय म्हणाली ते आम्हाला कळलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "अगं, तूही बरोबर होतीस." आणि फोन बायकोकडे देऊन त्यांनी खिशातून रुमाल काढला.

गर्दीमुळे वाहनं तुंबली होती, म्हणून ट्रॅफिक पोलीस आला. त्याने आधी माझं जाकीट वाचलं. "परवानगी आहे?"

मी तोंड उघडायच्या आत सलूनवाला बाबांकडे हात करून म्हणाला, "साहेब, यांच्या बायको इथे होत्या."

"हरवल्या?"

"नाही, खिडकीत होत्या."

पोलिसाने मान वर करून बँकेच्या सगळ्या खिडक्या पाहिल्या. मग आजीने त्याला बाजूला घेऊन नीट सांगितलं. तो परत आला, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "एक सिग्नल. त्याच्यावर नाही."

त्याने हात वर केला. रस्ता थांबला. बाबा बँकेच्या बाजूने चालत गेले, पुढच्या दाराने जावं तसे. मी डांबरावर खडूने एक छोटी रेघ ओढून ठेवली होती, तिथे ते उभे राहिले. त्यांनी कॉलर सारखी केली. खिडकी बहुतेक बुटकी असावी, कारण ते थोडे वाकले. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

मी बायकोचा हात धरला. मग माझं लक्ष मागे गेलं. बाबांच्या मागे फेसवाले गृहस्थ उभे होते, त्यांच्या मागे फुलवाला, मग चष्मेवाला, मग आणखी दोघं-तिघं. कोणी सांगितलं नव्हतं. माणूस खिडकीशी उभा दिसला की मागे रांग लावायची, एवढंच त्यांना सुचलं असावं. कोणी पुढे ढकलत नव्हतं.

एका गाडीने हॉर्न वाजवला. बाबा दचकले नाहीत. सरळ झाले, मागे वळले, आणि ती रांग पाहून त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं.

"चला," ते म्हणाले. "मागे माणसं खोळंबली की ती रागवायची."

आणि सगळी रांग शिस्तीत फुटपाथवर आली.

त्या जाकिटाचं म्हणाल तर ते आता ऑफिसबाहेर घालायचं नाही, असं मला साहेबांनी सोमवारी सांगितलं. त्यांच्याकडे बाजारातून बरेच फोन गेले होते. बाबांचं विसरणं काही थांबलेलं नाही. ते टेप लावून थांबत नाही. पण गोष्ट सुरू झाली आहे. घरात आम्हा दोघांना ती पाठ झाली, म्हणून दर रविवारी बाबा सलूनमध्ये जाऊन सांगतात. आजी त्यांच्यासाठी बाकावर उशी टाकून ठेवते आणि चुकलं तिथे सुधारते. ती तार ऑफिसात कधी गेली नव्हती, तरी सुधारते. फेसवाले तर मुद्दाम त्याच वेळेला दाढीला येतात.

बाबांना सोडायला मी बरोबर असतो. अडचण एवढीच, की कोणाच्या दुकानात नुसतं बसून राहणं बाबांना बरं वाटत नाही. पोचल्या पोचल्या ते सलूनवाल्याला म्हणतात, "आज आमच्या जावईबापूंचे केस कापा." सलूनवाला बिचारा दर रविवारी माझ्या डोक्यावरून कंगवा फिरवतो आणि हल्ली हळूच विचारतो, "साहेब, नेमके कुठले?"